विसावा म्हणजे नेमके काय? नियम पाळून थकलेल्या एका ख्रिस्ती बाईचा प्रश्न

वहीवाली

नमस्कार. बरीच वर्षे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे, त्यामुळे काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. आमच्या घरी सकाळी शास्त्रवाचन झाल्याशिवाय चहा मिळत नसे आणि रविवारची उपासना चुकवायला ताप हे एकच कारण चालत असे, तोही थर्मामीटर लावून. लग्नानंतर मी एक लांबट वही केली आणि तिच्यात पाच रकाने आखले : वाचन, प्रार्थना, उपासना, दशांश, उपवास. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यांत बरोबरच्या खुणा करायच्या, असे अकरा वर्षे चालले.

मागच्या वर्षी आई आजारी पडली. सदतीस दिवस मी तिच्यापाशी दवाखान्यात होते आणि ती वही घरी होती. दफनविधी झाल्यावर घरी परतले, रात्री वही काढली, आणि सदतीस कोरे दिवस पाहून मला इतके अपराधी वाटले की एका बैठकीत सगळ्या दिवसांपुढे खुणा करून टाकल्या. वाचन झाले, प्रार्थना झाली, उपासना झाली. खरे तर यातले काहीच झाले नव्हते.

ही वही यजमान उघडत नाहीत, पाळकांनी ती कधी पाहिलेली नाही, आणि देवाला तर काय झाले ते ठाऊकच आहे. मग मी कोणाला फसवत होते, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटलेला नाही.

‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन,’ हे वचन मला सातव्या वर्षापासून पाठ आहे. रविवारशाळेत ते न अडखळता म्हटल्याबद्दल पेन्सिल बक्षीस मिळाली होती. वचन आले, पेन्सिल आली, विसावा मात्र आला नाही. ज्यांना तो मिळाला आहे त्यांनी तो कसा असतो, हे कृपया प्रवचनाच्या भाषेत न सांगता सांगावे.

रात्रपाळी

ताई, मी परिचारिका आहे आणि गेल्या वीस वर्षांत महिन्याचे दोन रविवार तरी कामावर असते. शब्बाथ दिवशी (म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या शनिवारी) विहिरीत पडलेला बैल तुमच्यापैकी कोण लगेच बाहेर काढणार नाही, असे येशूने विचारले आहे (लूक १४). तुम्ही तर आईजवळ बसला होतात. त्या सदतीस दिवसांसाठी वहीत रकानाच नव्हता, हा दोष वहीचा आहे.

तर्कटराव

उपाय सोपा आहे. वही रद्दीत द्यावी. स्वतःच रकाने आखायचे, स्वतःच नापास व्हायचे आणि मग विसाव्यासाठी देवाकडे अर्ज करायचा, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

निवृत्त पाळक

वहीवाली ताई, प्रवचनाच्या भाषेत लिहू नका म्हणालात, ती अट चाळीस वर्षांच्या सवयीमुळे मला जड जाणार आहे. म्हणून आधी माझीच चूक सांगतो. ज्या कुटुंबांची वर्गणी थकली आहे त्यांची यादी मी एका मंडळीत मंदिराच्या दाराला चिकटवीत असे. प्रभुभोजनाच्या रविवारी लोक ती यादी वाचून आत येत. एकदा एक म्हातारे गृहस्थ दारापर्यंत आले, त्यांनी यादीत आपले नाव पाहिले आणि ते तसेच परत फिरले. मी वेदीपाशी उभा राहून त्यांची पाठ पाहिली, आणि त्या दिवशी वचन कोणते वाचायचे होते, तर तुम्ही दिलेलेच. यादी मी त्याच संध्याकाळी काढली. ते गृहस्थ मात्र पुढे क्वचितच आले.

आता प्रश्नाकडे. प्रेषित पौल गलतीकरांस पत्रात लिहितो की नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, आपल्याला ख्रिस्ताकडे पोहचवणारे बालरक्षक होते. त्या काळी सुखवस्तू घरांत मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी आणि वळण लावण्यासाठी एक दास नेमलेला असे. तो हा बालरक्षक. मूल मोठे झाले, घराचे वारस झाले, तरीही ते रोज बालरक्षकाला हजेरी देत राहिले तर बापाला काय वाटेल? तुमची वही अशी आहे, असे मला दिसते. ती वाईट नव्हती. तिचे काम संपले होते, एवढेच.

पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचे उदाहरण तुम्ही ऐकले असेल. १५०५ मध्ये तो एर्फुर्टच्या मठात गेला आणि मठाचे नियम त्याने इतक्या काटेकोरपणे पाळले की पापे कबूल करायला बसला तर तासन्‌तास उठत नसे, आणि उठल्यावर एखादे पाप सांगायचे राहिले म्हणून परत येई. नियम कमी पडत होते असे नाही. पुरेसे झाले असे सांगणारा नियमच कुठे नव्हता. ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ हे वाक्य इफिसकरांस पत्रात आहे, आणि त्यातले ‘झालेले आहे’ हे क्रियापद मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जे झालेले आहे त्यापुढे खूण करायची नसते.

नवगाव ते लोद

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी आहे. आजोळ अलिबागजवळचे, आता राहणे इस्राएलमधल्या लोद शहरात. धागा ख्रिस्ती विसाव्याचा आहे, तरी एक हरकत नोंदवतो, कारण अशा चर्चेत आमचे नियमशास्त्र नेहमी ओझे वाहायला बोलावले जाते.

कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे. तेव्हा आमच्याकडे ना धर्मग्रंथ शिल्लक होते, ना रब्बी. शमा ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही निर्बंध आणि शनिवारचा बंद घाणा, एवढ्यावर आम्ही कित्येक पिढ्या यहुदी राहिलो. घाण्याचा बैलसुद्धा त्या दिवशी मोकळा असे. हा नियम होता की विसावा होता, ते मला कोणी वेगळे काढून दाखवावे.

मिश्ना या आमच्या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहामध्ये शब्बाथला वर्ज्य अशा एकोणचाळीस प्रकारच्या कामांची यादी आहे, हे खरे. पण ‘शब्बाथ तुमच्या हवाली केला आहे, तुम्ही शब्बाथाच्या हवाली नाही,’ अशा अर्थाचे वचन आमच्या रब्बींच्या परंपरेतही आहे. ‘जू’ हा शब्दही आमच्याकडे शिवी नाही. शमा म्हणणे म्हणजे स्वर्गाच्या राज्याचे जू खांद्यावर घेणे, असे आम्ही मानतो, आणि ते अभिमानाने घेतो.

तेव्हा पाळकसाहेब, आपले विवेचन आवडले, पण बालरक्षकाची बाजू ऐकून घेतल्याशिवाय त्याला निवृत्त करू नये.

निवृत्त पाळक

@नवगाव ते लोद : हरकत मान्य. परूश्यांना (येशूच्या काळच्या नियमनिष्ठ यहुदी पंथाला) खलनायक करून प्रवचन रंगवण्याची आमची खोड जुनी आहे, आणि येशू स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे हे आम्ही सोयीने विसरतो. त्याचा वाद शब्बाथाशी नव्हता. गंमत म्हणजे मत्तयाच्या अकराव्या अध्यायाचा शेवट विसाव्याच्या या वचनाने होतो आणि लगेच बाराव्या अध्यायात शिष्यांनी शब्बाथ दिवशी शेतातली कणसे मोडून खाल्ल्याचा वाद सुरू होतो. अध्यायांचे आकडे पुष्कळ नंतरचे आहेत. ती रेघ पुसून सलग वाचले तर विसाव्याचे आमंत्रण आणि शब्बाथाचा वाद ही एकच गोष्ट दिसते.

बांधावरून

जू हा शब्द आला म्हणून लिहितो. मी राहुरीकडचा शेतकरी. आमचेही घर ख्रिस्ती.

या वचनावर मी जेवढी प्रवचने ऐकली त्यांतल्या निम्म्यांत एक दृष्टांत असतो : नव्या गोऱ्ह्याला जुन्या बैलाबरोबर जुंपतात, सगळे ओझे जुना बैल ओढतो, आणि गोऱ्हा नुसता बरोबर चालतो. सांगणाऱ्याने नांगर धरलेला नसतो, हे लगेच कळते. एक बैल नुसता चालला तर तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडे जाते. ओढावे दोघांनाही लागते.

खरा प्रकार असा की बैल कमी ताकदीचा असेल तर जू ज्या जागी नांगराच्या दांडीला बांधतात ती जागा सरकवायची. गाठ जोरकस बैलाकडे सरकली की दुबळ्या बैलाच्या बाजूची लांबी वाढते आणि त्याच्या वाट्याचा भार कमी होतो. लहानपणी वडील ती गाठ चार-चार बोटे सरकवून बघत. बैलाच्या चालण्यावरून त्यांना कळे. दुबळा बैलही नांगराचाच बैल राही, पण रात्री त्याचा खांदा सुजत नसे.

शास्त्रात पुढचे वाक्य आहे, ‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.’ ‘सोयीचे’ म्हणजे काय, हे मला त्या गाठीवरून समजले. सुताराकडे जू घडवायला दिले की तो मानेखालची बाजू तासून गुळगुळीत करायचा, आणि तरी एखाद्या बैलाला ते बोचायचे. मग तेवढी जागा पुन्हा तासावी लागे. जू नसलेला बैल मी विसाव्यात पाहिलेला नाही, तो बाजारात पाहिलेला आहे.

आमच्या घरी पोळ्याची पूजा नव्हती, पण आदल्या संध्याकाळची खांदेमळण वडिलांनी कधी चुकवली नाही. कोमट पाण्याने खांदा शेकायचा, मग हळद आणि तूप चोळायचे. त्या वेळी बैल डोळे अर्धे मिटून मान खाली सोडतो. ताई, तुम्ही विसावा कसा असतो असे विचारलेत. मला दाखवता येईल असा एवढाच आहे, आणि आता बैलही राहिले नाहीत, ट्रॅक्टर आहे.

तर्कटराव

बांधावरून काका, मी देव मानत नाही, पण तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सुतार असता तर येशूने तुमचे जू बरे तासून दिले असते.

निवृत्त पाळक

@तर्कटराव : तो सुतारच होता. दुसऱ्या शतकातला जस्टिन नावाचा ख्रिस्ती लेखक तर स्पष्ट लिहितो की येशू नांगर आणि जू घडवीत असे. आणि @बांधावरून, मीही तो जुन्या बैलाचा दृष्टांत किमान दहा वेळा सांगितला आहे. आता सांगणार नाही.

आगाशीकर

वही रद्दीत द्या म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वसईकडच्या कॅथलिक घरात मी वाढलो आणि नियमांची आमच्याकडे वाण नव्हती. माझी आजी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता सकाळच्या मिस्साला जायची, कारण तिच्या तरुणपणी ख्रिस्तप्रसाद घेण्याचा नियमच तसा होता. १९५३ मध्ये पोपमहाशयांनी पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एक तासावर. आजीला हे सगळे सांगून झाले. ती म्हणायची, ‘पोपला तहान लागली असेल, मला नाही लागली.’

तिच्यावर कोणी सक्ती केलेली नव्हती. संध्याकाळी रोजरी हातात घेऊन ती ओटीवर बसली की बोटे मण्यांवरून चालत राहायची आणि तोंड आपोआप म्हणत राहायचे. लहानपणी मला ते यांत्रिक वाटे आणि कॉलेजात असताना मी तसे तिला बोललोही. ती म्हणाली की दिवसभर डोक्याने काम केले, आता डोक्याला बसू दे, बोटे काम करतील. पुढे वडील गेले तेव्हा मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थनाच सुचेना. तेव्हा त्याच पाठ असलेल्या ओळींनी मला उचलून धरले. शब्द शोधायची जबाबदारी माझ्यावर नव्हती, हाच त्यात विसावा होता.

म्हणून मला वाटते की नियम आणि विसावा हे एकमेकांचे शत्रू नाहीत. नियमाकडे आपण काय मागतो त्यावर सगळे आहे. आजीने मण्यांकडे कधी गुण मागितले नाहीत.

आणि ल्यूथरचा मुद्दा निघाला आहे म्हणून नोंदवतो : ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि देव माणसाला स्वीकारतो तो आपल्या कर्मांच्या पुण्याईवर नव्हे, तर कृपेने, हे दोघांनी मिळून मान्य केले. या मुद्द्यावरून जवळजवळ पाचशे वर्षे भांडण झाले होते.

साधीपट्टी

आगाशीकरदादा, तुमची आजी मोठी भाग्यवान. मी दुसरी बाजू सांगते.

मराठवाड्यातल्या एका लहान मंडळीत मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी विश्वासात आले. मंडळीचे नाव घेत नाही. सुरुवातीचे सहा महिने मला खरोखर हवेत तरंगल्यासारखे वाटत होते. त्यानंतर एकेक गोष्ट समजू लागली. बांगड्या नकोत. केसांत फूल नको. घरात टीव्ही नको. शेजारणीच्या हळदीकुंकवाचे वाण घ्यायचे नाही, तिच्या हातचा प्रसाद तर नाहीच. आठवड्यात चार सभा. एक चुकली की बहिणी घरी येऊन विचारणार. आजारी पडले तर कुठे पाप राहिले आहे ते शोधायचे. ज्या कर्मकांडाला कंटाळून मी बाहेर पडले होते ते मी नव्या नावाने परत घरात घेतले, आणि या वेळी तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण इथे सगळे ‘कृपेने’ चालले होते.

मी सोडले ते रागावून नाही, थकून. दोन वर्षे कुठेच गेले नाही. एक दिवस भाजी निवडताना सहज गुणगुणत होते आणि लक्षात आले की मी प्रार्थना करते आहे. कोणी सांगितले नव्हते आणि कोणी मोजत नव्हते. आता एका साध्या मंडळीत जाते. बांगड्या घालते.

रात्रपाळी

साधीपट्टी, भाजी कोणती होती? (मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.)

साधीपट्टी

मेथी. म्हणून तर वेळ मिळाला.

तर्कटराव

आता गंभीर शंका. सगळे आधीच माफ आहे आणि कर्मांनी काही ठरत नाही, असे एकदा धरले तर उद्या माणसाने चांगले वागायचे कशासाठी? परीक्षेआधी सर्वांना उत्तीर्ण जाहीर केले तर वर्गात बसणार कोण? वहीवाली ताईंसारखी माणसे तरीही बसतील, हे मान्य. पण माझ्यासारखे?

निवृत्त पाळक

@तर्कटराव : ही शंका पौलानेच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात काढली आहे, ‘कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय?’ आणि लगेच जोरात नाही म्हटले आहे. हिटलरच्या काळात डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरून आपल्याच चर्चला झोडपले. ज्या क्षमेपायी माणसाचे काहीच बदलत नाही ती कृपा नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिले गेले, तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन आहे.

माझे साधे उत्तर असे की उडाऊ पुत्राच्या गोष्टीत दोन मुले आहेत. धाकटा सगळे उधळून परत येतो. थोरला कधीच घर सोडत नाही, पण बापाला म्हणतो की मी इतकी वर्षे तुमची चाकरी करतो आहे आणि तुम्ही मला करडूसुद्धा दिले नाही. घरातल्या मुलाच्या तोंडी ‘चाकरी’ हा शब्द आहे, तो पाहा. धाकट्याला बाप भेटला; थोरला बापाच्या घरात राहून हिशेब ठेवत राहिला. तुम्ही विचारता ते धाकट्याबद्दल आहे, आणि हा धागा निघाला आहे तो थोरल्याबद्दल. गोष्ट संपते तेव्हा बाप अंगणात येऊन थोरल्याची समजूत घालत असतो, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगतच नाही.

कपाटातले

थोरल्या मुलावरून पंडिता रमाबाईंची आठवण झाली. या विषयावर मराठीत त्यांच्याइतके अनुभवाने कोणी बोललेले नसेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. सारे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करत पायी फिरत असे, पुराणे वाचत असे, आणि व्रते, उपासतापास, दाने यांत जवळचे सर्व संपवून बसले. दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे गेली. शास्त्राने सांगितलेले त्यांनी सगळे केले होते. नियम पाळण्यात कसूर झाली म्हणून हे झाले, असे त्यांच्याबाबत कोणालाच म्हणता येणार नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या जोगिणींशी त्यांचे सतत खटके उडू लागले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृतात का नकोत, इथपासून ते कोणता सिद्धान्त कोणाच्या अधिकाराने मानायचा, इथपर्यंत. एका नियमांच्या घरातून दुसऱ्या नियमांच्या घरात आल्याची त्यांची तक्रार पत्रांतून जाणवते. भारतात येऊन १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले, नाव झाले, काम वाढले, आणि तरीही आपल्याला काहीतरी कमी आहे हे त्यांना जाणवत राहिले. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी तो मिळाल्याचे त्या म्हणतात.

एवढ्या मोठ्या बाईने, आपल्या धर्मांतरावर साऱ्या महाराष्ट्रात वादळ उठलेले असताना, आपण आठ वर्षे नुसता धर्म पाळत होतो हे छापून सांगावे, याचे मला कायम आश्चर्य वाटते. आणि तो विसावा मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? केडगावचे मुक्ती सदन, १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर हे सगळे त्यानंतरचे आहे. भाषांतराचे काम संपवून त्या एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. बांधावरून यांच्या भाषेत सांगायचे तर गाठ सरकली होती.

बांधावरून

हो. आणि तास सरळ गेले.

पायवाट

मी वारकरी घरातला आहे, या धर्मचर्चेत मला अधिकार नाही, पण शब्दाबद्दल बोलतो. पालखी सोहळ्यात ‘विसावा’ ही एक ठरलेली गोष्ट असते. दोन मुक्कामांच्या मध्ये पालखी थांबते, लोक झाडाखाली पाय पसरतात, कोणी पिठले-भाकरी वाढते, कोणी पायाला तेल लावून देते. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा टाळ वाजू लागतात आणि दिंडी चालू लागते. म्हणजे मराठीत विसावा हा वाटेवरचा असतो. पोहोचल्यावरच्या जागेला आपण विसावा म्हणत नाही. वाट संपलेली नसते, पण ती आपल्याला एकट्याला संपवायची नाही हे तिथे बसल्यावर आठवते. अंत्ययात्रेतही स्मशानाच्या अलीकडे तिरडी खाली टेकवतात त्या जागेला विसावाच म्हणतात. खांदेकरी बदलतात ते तिथेच.

ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे गेलो असे म्हणत. त्यामुळे आमच्याकडचा शब्द तुमच्या शास्त्रात जाऊन बसला असेल तर आम्हांला आनंदच आहे.

संपादक मंडळ

धर्मांतर योग्य की अयोग्य या विषयावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे चर्चा विसाव्याचीच राहू द्यावी.

नवगाव ते लोद

@पायवाट : ‘खांदेकरी बदलतात ते तिथेच’ हे वाक्य इथे शब्बाथच्या जेवणावेळी आईला वाचून दाखवले असते, पण त्या दिवशी आम्ही फोन उघडत नाही. रविवारी दाखवले. ती म्हणाली, त्या बाईला विचार की वही तिने शनिवारी भरली होती का.

वहीवाली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काय लिहावे ते समजत नव्हते.

@नवगाव ते लोद : आपल्या आईंना सांगावे की मी घरी परतले तो शुक्रवार होता आणि वही भरली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. म्हणजे शनिवारच.

रात्रपाळी म्हणाल्या की त्या दिवसांसाठी वहीत रकानाच नव्हता. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. गेल्या रविवारी उपासनेहून आल्यावर वही काढली. खुणा पेनाने केलेल्या असल्यामुळे खोडता आल्या नाहीत, आणि खोडून काही साधलेही नसते. मग मी त्या सदतीस दिवसांच्या समासात जे खरोखर झाले होते ते आठवेल तसे लिहीत गेले. ‘आईचे केस विंचरले.’ ‘सलाइन बदलताना तिने माझा हात धरला.’ ‘आज ओळखले नाही.’ ‘पेज, चार चमचे.’ ‘पेज, दोन.’ काही दिवस आठवले नाहीत, ते तसेच ठेवले.

आगाशीकर यांचा मुद्दाही पटला आहे. वाचन सोडलेले नाही आणि सकाळचा चहा अजून वाचनानंतरच होतो, फक्त खूण करत नाही. पहिले काही दिवस रात्री हात सवयीने वहीकडे जाई. विसावा मिळाला का, असे कोणी विचारले तर मी हो म्हणायला धजणार नाही. पण समासात लिहिताना मला झोप लागली आणि जाग आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. अकरा वर्षांत मी साडेपाचच्या पुढे झोपलेली नव्हते.

रात्रपाळी

ताई, पेज कशाची होती?

वहीवाली

जुन्या तांदळाची. मीठ बंद होते, म्हणून अळणी. तिला मुळीच आवडत नव्हती, पण मी भरवली की खायची.

बांधावरून

वाचले. दिवा मालवतो आता, पहाटे पाण्याची पाळी आहे.